चुकलेल्या सुईचा हिशेब

इसबाला आपल्या समाजाने आजाराचा मान कधी दिलाच नाही. हृदयविकार, मधुमेह ही प्रतिष्ठित दुखणी. त्यांच्या चौकशीला नातेवाईक शहाळी घेऊन येतात. खाजवणारा माणूस मात्र विनोदाचा विषय होतो. शेजारी कडुलिंबाचा पाला सुचवतात, कुणी वांगे बंद करायला सांगते, आणि उरलेले 'लागण तर होणार नाही ना' या शंकेने थोडे लांब सरकून बसतात. इसब एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे सांगून सांगून माझ्यासारख्या त्वचारोगतज्ज्ञांच्या जिभा झिजल्या. सकाळी मुलाच्या चादरीवर रक्ताचे ठिपके पाहणाऱ्या आईला, किंवा वैशाखातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालून मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाला, या विनोदाचे हसू येत नाही. तीव्र इसब माणसाला मारत नाही. तो त्याची झोप मारतो, आणि झोपेबरोबर अभ्यास, नोकरी, संसार हळूहळू कुरतडत नेतो.

अशा रुग्णांसाठी गेल्या काही वर्षांत नवी औषधे आली. त्यांना 'बायोलॉजिक' म्हणजे जैविक औषधे म्हणतात. ती येण्यापूर्वी आमच्या हाती स्टेरॉइडची मलमे, अतिनील किरणांचे उपचार, सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेट यांसारखी सबंध प्रतिकारशक्तीवरच लगाम घालणारी औषधे होती. नव्या सुया नेमका मारा करतात. त्यांचा गुण पाहून मीही हरखलो. पण या सुयांबरोबर माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्नही आला. तो रुग्ण उठता उठता, हात दारावर ठेवून विचारतात : 'डॉक्टर, एखादी सुई चुकली तर?'

प्रश्न साधा आहे. त्याच्या पोटात मात्र पैशाची चिंता आहे, दुष्परिणामांची भीती आहे, आणि बरेचदा सुई आधीच चुकलेली असल्याची लाजही आहे. या प्रश्नाला आम्ही डॉक्टर मंडळी बहुधा 'चुकवायची नाही!' एवढेच उत्तर देतो. ते उत्तर अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपचारात सुई कधी ना कधी चुकणारच, हे गृहीत धरून उपचार आखला पाहिजे, आणि चुकलेल्या सुईचा हिशेब पहिली सुई टोचण्यापूर्वीच रुग्णापुढे मांडला पाहिजे.

आधी औषध काय करते ते पाहू. ॲटोपिक डर्माटायटिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इसबात त्वचेचा संरक्षक बांध कच्चा असतो आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा विनाकारण खवळलेली असते. या खवळण्याचे निरोप पेशींकडून पेशींकडे नेणारी जी प्रथिने आहेत, त्यांत इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ ही दोन प्रमुख. डुपिलुमॅब हे औषध हे निरोप घेणारा दरवाजाच अडवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१७ मध्ये मध्यम ते तीव्र इसबासाठी त्याला परवानगी दिली. प्रौढांना पहिल्या वेळी दोन सुया आणि मग दर पंधरवड्याला ३०० मिलिग्रॅमची एक, असा त्याचा क्रम. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सोलो' नावाच्या दोन मोठ्या चाचण्यांत सोळा आठवड्यांनंतर पंधरवड्याला सुई घेणाऱ्यांपैकी ३६ ते ३८ टक्के लोकांची त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झाली. औषध नसलेली सुई दिलेल्या गटात हे प्रमाण ८ ते १० टक्के होते. वर्षानुवर्षे रात्र जागून काढणाऱ्या माणसाला या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

परंतु एक शब्द येथे जपून वापरायला हवा. तो शब्द म्हणजे 'बरा'. ही औषधे इसब आटोक्यात ठेवतात. त्याचे मूळ उपटून काढत नाहीत. मधुमेहाच्या गोळीसारखाच त्यांचा संबंध दीर्घकाळाचा. पंधरवड्याला एक म्हणजे वर्षाला सव्वीस सुया, पाच वर्षांत एकशेतीस. आता वाचकांनीच सांगावे, पाच वर्षे एकही तारीख न चुकवता आपण काय करतो? विजेचे बिलसुद्धा आपण कधीतरी उशिरा भरतोच.

सुई का चुकते, याची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. सर्वांत मोठे कारण पैसा. ही औषधे इतकी महाग आहेत की मध्यमवर्गीय घराला दरमहा त्यांचा भार पेलताना घाम फुटतो. शाळेची फी आणि सुई एकाच महिन्यात आली की सुई मागे पडते. दुसरे कारण डोळे. या औषधाने काहींचे डोळे लाल होतात, चुरचुरतात. 'सोलो' चाचण्यांत साधारण दहातल्या एकाला हा त्रास झाला. घाबरलेला रुग्ण डॉक्टरांना न विचारता सुई थांबवतो. तिसरे कारण प्रवास, लग्नकार्य, परीक्षा. आणि चौथे कारण सर्वांत मानवी आहे : बरे वाटणे. त्वचा स्वच्छ झाली, झोप लागू लागली, की 'रोज रोज इतके जालीम औषध कशाला, शरीराला जरा विसावा द्यावा' हा आपल्याकडचा जुना विचार डोके वर काढतो. त्या विचाराला मी मूर्खपणा म्हणणार नाही. कमीत कमी औषधात भागावे, ही इच्छा शहाण्या माणसाचीच असते. फक्त ती डॉक्टरांसमोर उघड बोलली गेली पाहिजे.

मग एक सुई चुकली तर नेमके काय होते? आभाळ कोसळत नाही. नियमित सुया घेणाऱ्याच्या रक्तात सुमारे सोळा आठवड्यांत औषधाची पातळी स्थिरावते, आणि शेवटच्या सुईनंतर ती पूर्ण नाहीशी व्हायला साधारण दहा आठवडे लागतात. म्हणजे पुंजी हाताशी असते. मात्र ही पुंजी एकसारखी संपत नाही. पातळी वर असते तोवर औषध सावकाश कमी होते. खाली आली की उरलेले अधिक वेगाने ओसरते. म्हणून एक चुकलेली सुई बहुतेकांना जाणवतही नाही, आणि लागोपाठ तीन चुकल्या की खाज अचानक आल्यासारखी वाटते. औषधाच्या माहितीपत्रकात यासाठी सरळ नियम दिलेला आहे. पंधरवड्याची सुई ठरल्या तारखेपासून सात दिवसांच्या आत आठवली तर घ्यावी आणि पुढची तारीख जुन्याच वेळापत्रकाप्रमाणे धरावी. सात दिवस उलटले तर ती सोडून द्यावी आणि पुढची ठरल्या दिवशी घ्यावी. चार आठवड्यांनी सुई घेणाऱ्यांनी मात्र सात दिवस उलटले तरी ती घ्यावी आणि त्या दिवसापासून नवी मोजणी सुरू करावी. भरपाई म्हणून दोन सुया एकदम टोचून घेऊ नयेत. इतके साधे उत्तर किती रुग्णांना लेखी मिळते?

खरा प्रश्न महिनोन्‌महिन्यांच्या खंडाचा आहे. त्यावर चांगला प्रकाश टाकणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. 'सोलो' चाचण्यांत ज्यांना उत्तम गुण आला होता अशा ४२२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वेगवेगळ्या गटांत वाटले गेले. काहींना पूर्वीसारखीच आठवड्याला किंवा पंधरवड्याला सुई, काहींना चार आठवड्यांनी, काहींना आठ आठवड्यांनी, आणि काहींना औषध नसलेली सुई. छत्तीस आठवड्यांनंतर पाहिले, की रोगाची तीव्रता मुळापेक्षा किमान पाऊण हिश्शाने कमी राखण्यात किती जण यशस्वी झाले. नियमित गटात सुमारे ७२ टक्के, चार आठवड्यांच्या गटात ५८, आठ आठवड्यांच्या गटात ५५, आणि औषध बंद झालेल्यांत ३०.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. 'चुकवले तरी चालते' म्हणणाऱ्यांनी ७२ वरून ५५ पर्यंतची घसरण पाहावी. 'एक चुकली की सगळे मुसळ केरात' म्हणणाऱ्यांनी हे पाहावे, की दोन दोन महिन्यांनी सुई घेणाऱ्यांतही निम्म्याहून अधिक लोकांनी आपले सुख टिकवले, आणि औषध थांबलेल्यांतही दहातल्या तिघांनी. इसब सगळ्यांचा एका मापाचा नसतो, हे त्यातून दिसते. नियमितपणाला पर्याय नाही, हेही दिसते.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट मोजली गेली. शरीर कधीकधी औषधालाच परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. आठवड्याला सुई घेणाऱ्यांत अशी प्रतिपिंडे एक टक्क्याच्या आसपास लोकांत आढळली, पंधरवड्याच्या गटात चार, चार आठवड्यांच्या गटात सहा आणि आठ आठवड्यांच्या गटात जवळजवळ बारा टक्के. अंतर वाढले की प्रतिपिंडे वाढतात, असा त्याचा सरळ अर्थ. खंड पडला की औषध कायमचे निकामी होते, ही जी भीती रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्याही मनात आहे, तिचे मूळ मात्र दुसरीकडे आहे. इन्फ्लिक्सिमॅब या जुन्या जैविक औषधाचा आतड्याच्या क्रोन्स आजारावरील अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. गरज पडेल तेव्हा सलाइनमधून ते औषध घेणाऱ्या १२५ रुग्णांपैकी ६१ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, आणि त्यांच्यात औषधाचा परिणाम लवकर ओसरला. त्या औषधाच्या रेणूचा काही भाग उंदराच्या प्रथिनाचा आहे; डुपिलुमॅब पूर्णपणे मानवी प्रथिनाच्या धर्तीवर घडवलेले आहे. एकाची भीती दुसऱ्यावर जशीच्या तशी लादणे बरोबर नाही. ६१ आणि १२ यांत बरेच अंतर आहे. पण १२ म्हणजे शून्यही नव्हे.

येथे मला चुकवणे आणि लांबवणे यांतला फरक मांडायचा आहे. माझ्या म्हणण्याचा गाभा तोच आहे. लांबवणे म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण यांनी समोरासमोर बसून, त्वचा तपासून, ठरवून दोन सुयांमधले अंतर वाढवणे. नेदरलँड्समध्ये 'बायोडे' नावाच्या नोंदवहीतील रुग्णांवर हे पद्धतशीर करून पाहिले गेले. ज्यांचा इसब किमान सहा महिने आटोक्यात होता अशा सुमारे चारशे रुग्णांत टप्प्याटप्प्याने अंतर वाढवले, आणि पाचांतल्या चौघांना ते मानवले. औषधाचा खर्चही तेवढाच खाली आला. बारा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या एका दीर्घ अभ्यासात त्वचा सलग बारा आठवडे स्वच्छ राहिली की औषध थांबवण्याचा नियमच होता. अशा मुलांपैकी ५७ टक्के मुलांना इसब उलटला आणि औषध पुन्हा सुरू करावे लागले; त्याला सरासरी सतरा-अठरा आठवडे लागले. बाकीच्यांना अभ्यासाच्या काळात लागलेच नाही. लेब्रिकिझुमॅब हे याच जातीचे आणखी नवे औषध. त्याच्या चाचण्यांत सोळा आठवड्यांत गुण आलेल्यांना पुढे चार आठवड्यांनी सुई दिली तरी पंधरवड्याइतकाच लाभ टिकला. वर्षअखेर अनुक्रमे ८२ आणि ७८ टक्के. औषध थांबवलेल्यांतही ६६ टक्के. चाचण्या वेगळ्या, रुग्ण वेगळे, म्हणून एका औषधाचे आकडे दुसऱ्याशेजारी ठेवून भांडण लावू नये. पण ठरवून अंतर वाढवणे हे पाखंड नाही, एवढे यातून निश्चित सिद्ध होते.

चुकवणे याहून निराळे. ते गुपचूप होते. रुग्ण तीन महिन्यांत सहाऐवजी तीन सुया घेतो, रागावतील म्हणून डॉक्टरांना सांगत नाही, आणि खाज परतल्यावर समोर येऊन बसतो. डॉक्टर वहीत लिहितात, 'औषध लागू पडले नाही.' मग चांगले चालणारे औषध बदलले जाते. त्याच्या जागी दुसरी सुई येते, किंवा जॅक-इनहिबिटर गटातली गोळी येते. ती गोळी रोज घ्यावी लागते, तिचे रक्ततपासणीचे आणि जंतुसंसर्गाचे प्रश्न वेगळे असतात. रुग्णाच्या हातून मोजक्या पर्यायांपैकी एक पर्याय विनाकारण निघून जातो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या आजारावर औषध हरले नव्हते. त्यांच्या आणि डॉक्टरांच्या मधला संवाद हरला होता.

खंडाहून अधिक घातक असते ती त्या खंडात भरलेली वस्तू. सुई चुकली आणि खाज सुरू झाली, की रुग्ण औषधाच्या दुकानात जातो आणि चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची मिश्र मलमे आणतो. कुणी ओळखीचा माणूस स्टेरॉइडच्या गोळ्या देतो. चार दिवस स्वर्ग, पाचव्या दिवशी दुप्पट आग. दुसरे म्हणजे, सुईने बरे वाटू लागल्यावर त्वचेला रोज लावायचे साधे मॉइश्चरायझर बहुतेकांनी केव्हाच सोडलेले असते. सुईचा आधार सुटतो तेव्हा खाली जमीनच नसते. म्हणून मी म्हणतो, खंड पडणारच असेल तर तो मॉइश्चरायझर चालू ठेवून आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम हाताशी ठेवून पडावा.

माझे काही व्यवसायबंधू यावर आक्षेप घेतात. 'रुग्णाला सांगितले की थोडे चुकले तरी निभते, तर तो सोकावेल,' असे त्यांचे म्हणणे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, ही त्यांची भीती मला समजते. पण रुग्ण आजही सुया चुकवतातच. फक्त ते आपल्याला कळत नाही. माहिती दडवून शिस्त येत नाही, दडवादडवी येते. शिवाय ज्या दीर्घ अभ्यासांच्या आधारे आपण शिस्त सांगतो, ते नीट वाचावेत. डुपिलुमॅबच्या पाच वर्षांच्या अभ्यासात २,६७७ प्रौढ रुग्ण सुरुवातीला होते. दोनशेसाठ आठवड्यांचा टप्पा ३३४ जणांनी गाठला. बाकीच्यांपैकी पुष्कळ जण औषध त्यांच्या देशात बाजारात आल्यामुळे बाहेर पडले, म्हणून त्यात औषधाचा दोष नाही. टिकलेल्यांत गुणही उत्तम टिकला. पण चाचणीतल्या रुग्णाला औषध विकत घ्यावे लागत नाही, आणि तारखा सांभाळणारी माणसे त्याच्या मागे असतात. आपल्या तालुक्याच्या गावातला रुग्ण त्या जगात राहत नाही.

त्याचे जग कसे आहे? सुई दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची. बाहेर ठेवली तर पंचवीस अंशांच्या आत, तेही फार तर चौदा दिवस. माहितीपत्रक याला 'खोलीचे तापमान' म्हणते. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात पंचवीस अंशांची खोली कुठे असते, हे ते लिहिणाऱ्यांनी सांगावे! वीज गेली, फ्रिज तापला, की सुई टाकून द्यावी की टोचावी, या पेचात रुग्ण ती तारीख सोडून देतो. विम्याची गोष्टही तशीच. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना विम्यातून वगळता येणार नाही असे सांगितले, त्यांत सुईवाटे दिली जाणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे. परंतु आपल्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवती बांधलेल्या. घरी टोचून घ्यायच्या सुईसाठी कुणी खाटेवर झोपायचे? अशा परिस्थितीत चुकलेल्या सुईचा सगळा दोष रुग्णाच्या पदरात टाकणे हा अन्याय आहे.

म्हणून मला काही मागण्या कराव्याशा वाटतात. पहिली आम्हा डॉक्टरांकडे. पहिल्या सुईपूर्वीच रुग्णाला विचारावे : हा खर्च तुम्हाला किती महिने झेपेल? सहाच महिने झेपणार असेल, तर त्या सहा महिन्यांचा आणि त्यानंतरचा आराखडा त्याच दिवशी बनवावा. कदाचित मेथोट्रेक्सेट किंवा सायक्लोस्पोरिन हाच त्याच्यासाठी अधिक प्रामाणिक सल्ला ठरेल. चुकलेल्या सुईचा नियम मराठीत लिहून हाती द्यावा. दर भेटीत 'सुया घेतल्या ना?' असे न दरडावता 'किती चुकल्या?' असे सहज विचारावे. दुसरी मागणी विमा कंपन्यांकडे आणि शासनाकडे : घरी घ्यायच्या सुईला उपचार माना, आणि औषध उत्पादकाच्या दारापासून रुग्णाच्या फ्रिजपर्यंत थंड पोहोचेल याची जबाबदारी कुणाची ते ठरवा. तिसरी विनंती रुग्णांना. सुई चुकली तर लपवू नका. चुकलेल्या तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि ते कॅलेंडर घेऊन या. सहा महिने त्वचा उत्तम असेल, तर अंतर वाढवण्याची गोष्ट स्वतःहून काढा. तो तुमचा हक्क आहे. पण निर्णय एकट्याने घेऊ नका.

तीव्र इसबाच्या रुग्णाला आयुष्यात पुष्कळांनी दोष दिलेला असतो. नखे का वाढवतोस, खाजवतोस कशाला, पथ्य का पाळत नाहीस. नव्या औषधाने त्याला झोप परत दिली. त्या झोपेच्या बदल्यात आपण त्याच्या मागे अपराधाची नवी टोचणी लावू नये. सुई चुकेल. ती का चुकली, हे त्याला मोकळेपणी सांगता आले, तर पुढची सुई वेळेवर पडण्याची शक्यता कितीतरी वाढते.